गरम दारावरची हाक

माझा आवाज मोठा आहे. हे मी अभिमानानं सांगते, कारण लहानपणापासून त्यापायी मी फक्त बोलणीच खाल्ली. शाळेत बाई विचारायच्या, तू कुजबुजतेस की दवंडी पिटतेस? लग्न होऊन आले तर सासूबाईंनी कानात कापसाचे बोळे घातले आणि पाहुण्यांसमोर सांगायला लागल्या की वारं बाधतं. पण याच आवाजावर मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. आणि निवृत्त झाल्यावर याच आवाजासाठी मला मोटार पाठवून परत बोलावून घेतलं, ते सांगायला मी बसले आहे.

अणुवीज केंद्रात माझं काम हाक मारण्याचं होतं. लोकांना वाटतं मी थट्टा करते. केंद्रात काही खोल्या गरम असतात. गरम म्हणजे उकाडा नव्हे. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, अंगाला चटका बसत नाही, आणि तरी माणसाला आतून पोखरेल असं काहीतरी तिथल्या पाइपांतून सतत बाहेर पडत असतं. किरणोत्सर्ग. त्याच्यासमोर किती वेळ थांबायचं ते मोजूनमापून ठरलेलं असतं. पण बोल्ट बसेनासा झाला की काम करणारा वेळच काय, स्वतःचं नावही विसरतो. म्हणून दाराबाहेर, जाड भिंतीच्या वळणाआड, एक माणूस हातात घड्याळ घेऊन उभा असतो. आमच्या केंद्रात तो माणूस मी होते. वेळ भरली की मी हाक मारायची, आणि हाक ऐकली की आतल्यानं हातातलं काम आहे तिथं सोडून बाहेर यायचं. एक वेढा राहिला असला तरी, अर्धा राहिला असला तरी.

बाहेरच्या जगात काम अर्धं टाकून जाणाऱ्या कारागिराला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. आमच्याकडे उलटं. काम अर्ध्यावर नीट सोडता येणं हीच तिथली कारागिरी. पाना बोल्टवर चढवलेलाच ठेवायचा, म्हणजे पुढच्या जोडीला तो शोधत बसावं लागत नाही. शेवटचा वेढा कुणी मारला हे आमच्यात कुणी विचारत नसे. मी हाक एकदाच मारायचे. दुसऱ्यांदा मारायची वेळ आली तर पहिलीची किंमत गेली, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मला मागून भोंगा म्हणायचे आणि तोंडावर भोंगाबाई. मला दोन्ही चालायचं.

आमचे हे त्याच केंद्रात फिटर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. असं काही म्हणू नका हो, असं हे म्हणायचे आणि कुणी नुसतं फिटर म्हटलं की दिवसभर फुगून बसायचे. आम्हाला एकच मुलगी. तिनंही पानाच हातात घेतला. ती केंद्रात लागली तेव्हा ह्यांनी अख्ख्या कॉलनीला चहा पाजला आणि चहा पाजता पाजता प्रत्येकाला सांगितलं, 'माझं अजिबात मनात नव्हतं, पण घरात माझं ऐकतंय कोण.'

अपघात झाला तेव्हा आम्ही दोघं निवृत्त होऊन घरी बसलो होतो. वादळात विजेचे मनोरे आडवे झाले, मागोमाग पूर आला आणि पंप चालवणारी डिझेलची इंजिनं पाण्याखाली गेली. अणुभट्टी बंद केली तरी तिची धग लगेच जात नाही, तिला सारखं पाणी पाजत राहावं लागतं. ते पाणी थांबलं. केंद्रातल्या दोन नंबरच्या, म्हणजे दुसऱ्या इमारतीचं छप्पर उडालं तेव्हा मी गच्चीत भिजलेली अंथरुणं वाळत घालत होते. तो आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, एवढंच सांगते.

आम्हाला अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये घातलं आणि दूरच्या एका गावाबाहेर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगांमध्ये आणून सोडलं. तिथली माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. केस कापून झाल्यावर न्हाव्यानं ह्यांच्यादेखत कात्री उकळत्या पाण्यात टाकली. हे म्हणाले, 'अरे, ही माझे केस कापायच्या आधी उकळायची असते.' न्हावी ओशाळला आणि पुढच्या वेळी त्यानं ह्यांना चहा विचारला. पण बाजारात कुणी 'तुम्ही त्या केंद्रावरचे का?' असं हळूच विचारलं की आमच्यातल्या पुष्कळांची मान खाली जायची. माझी कधी गेली नाही. मी 'हो' असं म्हणायचे की पलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघायचं.

मान खाली घालायची कशाला? आमची मुलगी त्या दिवशी शिफ्टवर होती आणि ती शिफ्ट संपलीच नाही. ती आणि तिच्याबरोबरची मुलं आतच राहिली. आगीच्या बंबानं भट्टीला पाणी पाजत होती, कॉरिडॉरमध्ये पुठ्ठ्यावर झोपत होती. पळून जायला रस्ता मोकळा होता. एकही पळालं नाही. धग आटोक्यात आली ती त्यांच्यामुळे, आणि ती माझी मुलगी आहे.

धग आटोक्यात आली, पण एक दुखणं राहिलं. दुसऱ्या इमारतीच्या तळघरात एक पाइप स्फोटानं मोडला होता आणि त्यातून विषारी पाणी सांडपाण्याच्या गटारात आणि तिथून नदीकडे जात होतं. खालच्या अंगाला एक मोठं शहर त्याच नदीचं पाणी पितं. पाइपाच्या तोंडावर पोलादी झाकण बसवून ते बोल्टांनी आवळायचं, काम एवढंच. आधी यंत्रमानव पाठवला. तो एका नळीत पाय अडकवून बसला, अजून तिथंच आहे. म्हणजे माणसाचेच हात हवेत. पण वर्षभरात एका माणसानं अंगावर किती किरण घ्यायचे याला मर्यादा असते, आणि तरुण फिटरांची ती संपली होती. थोडी उरली होती ती आमच्या मुलीची.

हे ऐकलं त्या दिवसापासून ह्यांचं जेवणात लक्ष लागेना. मग एका सकाळी दाढी करून, जुना निळा शर्ट घालून तयार.

'कुठे निघालात?'

'केंद्रावर. मुलांनी जायचं आणि आम्ही इथं पत्त्यांचे डाव मांडायचे? शोभतं का?'

'वयाकडे बघा जरा.'

'वयाकडे बघूनच निघालोय. या किरणांचा आजार उगवायला वीस वर्षं लागतात. तो मला शोधत येईल तेव्हा मी घरी असणार आहे का?'

हे गेले ते एकटे नाही गेले. पत्र्याच्या खोल्यांमधून निवृत्तांची पलटणच निघाली. कुणाचे गुडघे दुखत, कुणाची कवळी सैल, प्रत्येकाच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्या. ह्यांचा जोडीदार बारक्या वेल्डर, ज्याचं पोट तो दारातून आत येण्याआधी येतं, तोही निघाला. फाटकावरून त्यांना चहा देऊन परत पाठवलं. हे पुन्हा गेले. पुन्हा चहा मिळाला. तिसऱ्या वेळी बारक्या फाटकातच सतरंजी टाकून बसला, तेव्हा आत घेतलं.

तळघराच्या कामावर जो इंजिनिअर साहेब होता तो आमच्या मुलीच्याच वयाचा, गुणी मुलगा. त्यानं लाकडाचं खोटं तळघर उभारून म्हाताऱ्यांची तालीम सुरू केली. प्रत्येकाच्या छातीवर एक छोटं यंत्र लावलं, वेळ भरली की ते टीं टीं करतं. पहिल्याच तालमीत सगळी यंत्रं टीं टीं करून दमली, पण एक म्हातारा बाहेर येईल तर शपथ. साहेबाला वाटलं, हे लोक मुद्दाम ऐकत नाहीत. तो चिडला. तेव्हा कुठे उलगडलं की ही टीं टीं म्हातारपणी ऐकूच येत नाही. बारीक आवाज आधी जातात, जाड उरतात. एवढी तयारी झाली, पण वाजणारी यंत्रं म्हाताऱ्या कानांवर आधी वाजवून बघावीत हे कुणालाच सुचलं नव्हतं, आमच्या म्हाताऱ्यांनाही नाही. साहेबानं कपाळाला हात लावला आणि मग इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

'साहेब,' हे म्हणाले, 'मास्क घालूनसुद्धा आम्हाला ऐकू येईल असा एकच आवाज आहे. तो आत्ता माझ्या खोलीवर शेजारणीशी भांडत असेल.'

मी भांडत नव्हते, समजावत होते. पण मोटार आली आणि मी गेले. जुनं घड्याळ बरोबर घेतलं. फाटकातून आत शिरताना छाती अशी भरून आली की शेजारी बसलेल्या ड्रायव्हरला मी उगाचच विचारलं, 'तुझं जेवण झालं का?' तो दचकलाच.

सुट्टीच्या दिवशी मुलगी खोलीवर आली ती भांडायलाच.

'बाबा, त्या झाकणावर माझी जोडी जाणार होती. तुम्ही मध्ये कशाला आलात?'

'तुझं सगळं आयुष्य पुढे आहे, बाळा.'

'आणि मी शोभेची फिटर आहे का? इतके महिने तिथं मी काय करत होते? सगळं जमतं आणि नेमकं हे जमणार नाही?'

'जमणार नाही असं कोण म्हणतंय?'

'तुम्ही. तोंडानं नाही म्हणत, पण म्हणताय.'

दोघांचाही स्वभाव एकच, एक वाकत नाही नि दुसरं मोडत नाही. शेवटी साहेबानं तोड काढली होती तीच राहिली: आधी म्हाताऱ्यांच्या जोड्या जातील, शेवटची जोडी उस्ताद आणि बारक्याची. त्यातूनही काम उरलं तर मग मुलगी. ती जाताना माझ्या पाया पडली, बापाकडे बघितलंसुद्धा नाही. हे पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून मोडका रेडिओ दुरुस्त करत बसले.

कामाच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या नळावर कपडे पिळत होते, तर हे येऊन चादरीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. हे आपणहून चादर धरायला आले की समजावं, काहीतरी मागायचंय.

'ऐक ना,' हे म्हणाले. 'उद्या माझ्या वेळी हाक जरा उशिरा मार.'

मी चादर पिळायची थांबले.

'जराशीच गं. माझ्या हातून राहिलं तर ती जाणार. मी आणखी थोडं थांबलो तर पुरं होऊन जाईल, तिला जावंच लागणार नाही. घड्याळ तुझ्या हातात. कोण बघतंय?'

माझं पित्त खवळलं. मी ह्यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही, रांगेतल्या सगळ्या खोल्यांनी ते ऐकलंय. नव्या मुलांना हाकेचा पहिला धडा देणारा हा माणूस, आणि आज मला म्हणतो घड्याळ मागे ठेव! पण खरं सांगायचं तर राग आला त्याचं कारण दुसरंच होतं. हाच विचार आदल्या दिवशी माझ्या मनात येऊन गेला होता आणि मी त्याला हाकलून लावलं होतं. आता तोच ह्यांच्या तोंडून माघारी आला. मुलगी त्या तळघरात उतरू नये असं कुठल्या आईला वाटणार नाही? मला काय दगडाचं काळीज दिलंय? मी ह्यांना हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. चादर अर्धीच पिळून तारेवर टाकली, ती संध्याकाळपर्यंत ठिबकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या इमारतीच्या तळघराच्या जिन्यावर, भिंतीच्या वळणाआड, मी माझ्या जागेवर उभी राहिले. समोर एक पडदा होता, त्यावर आतलं दिसत होतं. साहेबानं मला लाउडस्पीकर दिला. मी तो बाजूला ठेवला. पहिली जोडी गेली, पाइपाचं तोंड खरवडून आली. दुसरी झाकण ढकलत घेऊन गेली. तिसरीनं खालच्या बाजूचे बोल्ट आवळले. मी हाक मारली की म्हातारे कसे येत होते ते बघायला हवं होतं! ज्यांना घरी पाण्याचा पेला उचलून घ्यायचा कंटाळा, ते गुडघे विसरून वळणावरून धावत येत होते. आणि प्रत्येक जण काम अर्ध्यावर, पण असं नीट सोडून येत होता की पुढच्यानं नुसता हात घालावा. माझा ऊर भरून येत होता. आम्ही सगळे आयुष्यभर हेच करत होतो आणि कुणाला ते सांगता येत नव्हतं.

मग उस्ताद आणि बारक्या आत गेले. वरच्या बाजूचे बोल्ट आवळायचे तेवढे राहिले होते. पडद्यावर ह्यांची पाठ दिसत होती. ती पाठ मी मास्कच्या पोशाखात काय, गोणपाटात घातली तरी ओळखीन. बारक्या दिवा धरत होता, हे पाना फिरवत होते. एकेक बोल्ट बसत गेला. माझ्या मागे मुलगी येऊन उभी राहिली, पोशाख चढवलेला, मास्क हातात. मी वळून बघितलं नाही.

एक बोल्ट राहिला. काटा जवळ आला.

'काकू,' साहेब हळूच म्हणाला, 'होतच आलंय त्यांचं.'

थांबा असं तो म्हणाला नाही, मारा असंही नाही. आपली जबाबदारी तो माझ्यावर टाकत नव्हता, नुसता दिसतं ते बोलत होता. एक श्वास रोखून धरायचा, एवढंच करायचं होतं. नवरा काम पुरं करून बाहेर आला असता, मुलगी बाहेरच राहिली असती आणि संध्याकाळी आम्ही तिघं एका खोलीत बसलो असतो. कोण बघतंय? पण मी बघत होते ना! आणि ते वीस वर्षांचं काय? ह्यांची जी काही वर्षं उरली आहेत, वीस असोत की चार, त्यात माझाही वाटा आहे. मला न विचारता तो उधळून टाकणारे हे कोण? शिवाय आज मी उशीर केला की उद्या मी हाक मारेन तेव्हा आतला माणूस विचार करत बसेल, ही खरी की ओळखीपाळखीची? विचार करत बसला की संपलाच तो.

काटा वेळेवर आला.

'उस्ताद! बाहेर!'

जिन्यावरची धूळ खाली पडली असं साहेब नंतर सांगत होता. बारक्या तत्काळ वळला. हे वळले नाहीत. ह्यांनी कॅमेऱ्याकडे बघून एक बोट वर केलं. एकच राहिलाय.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा हाक मारली नाही. मी पडद्याकडे बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, आज माझी इज्जत तुमच्या हातात आहे हो. ते बोट तसंच वर होतं. मग ते खाली आलं. ह्यांनी पाना बोल्टवर चढवला, नीट बसलाय ना ते एकदा हातानं चाचपलं, आणि वळले. वळणावरून माझ्या अगदी जवळून गेले, काचेआडून एकदासुद्धा माझ्याकडे न बघता.

मुलगी पुढे झाली. मास्क चढवताना मला म्हणाली, 'आई, मलाही अशीच हाक मार.'

ती आत गेली, बरोबर दिवा धरायला एक इलेक्ट्रिशियन. सरळ पान्याशी गेली. पाना धरला आणि पुढे फिरवायच्या ऐवजी उलटा फिरवायला लागली. बोल्ट बाहेर यायला लागला. तेवढ्यात माझ्यामागे ओल्या केसांचा, टॉवेल गुंडाळलेला माणूस येऊन उभा राहिला. अंग धुऊन हे कपडेसुद्धा न घालता आले होते.

'उलटा का फिरवते ही?' हे पुटपुटले. मग जरा थांबून, 'बरोबर आहे. बोल्ट तिरका शिरलाय, आटे जुळले नाहीत. मी जबरदस्तीनं घुसवत होतो. बरोबर करतेय ती.'

तिनं बोल्ट पार बाहेर काढला, आटे पुसले, पुन्हा लावला. आता तो पाना न लावता, बोटांनीच आत गेला. मग पाना. ती अंगाचा जोर लावत नव्हती, घाई करत नव्हती, आणि तरी काम भरभर होत होतं. 'कुणाकडून शिकली हे?' हे म्हणाले. 'मी नाही शिकवलं असं.' ह्यांच्या आवाजात तक्रार होती की काय होतं ते माझं मला माहीत. मी घड्याळावरून डोळे काढले नाहीत.

झाकणाखालून येणारी धार बारीक झाली. मग तुटक झाली. मग थेंब. मग काही नाही. साहेब मटकन पायरीवर बसला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत, कारण ती अजून आत होती.

आणि ती बाहेर येईना. वेळ शिल्लक आहे म्हणून ती बाकीचे बोल्ट एकेक करून तपासायला लागली. कुठलाही चांगला फिटर हेच करील. हा बघितला, तो बघितला, पुढच्याला पाना लावला. काटा अजून यायचा होता. मला तो दिसत होता, माझे डोळे चांगले आहेत, आणि तरी माझं तोंड आपोआप उघडलं.

मी तिला तिच्या घरच्या नावानं हाक मारली. केंद्रात कधीच मारली नव्हती.

ती होती तिथं थांबली. पाना ठेवला आणि आली. बोट वर केलं नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही.

नंतर आम्ही सगळे वरच्या खोलीत बसलो. टेबलावर पाण्यानं भरलेले पेले होते, कुणी पीत नव्हतं. तिच्या अंगावर आलेले किरण मर्यादेच्या पुष्कळ आत होते, साहेबानं तसं दोनदा सांगितलं. ह्यांचेही आतच होते. बारक्या सगळ्यांना मिठ्या मारत होता आणि त्याच्या पोटामुळे त्या कुणालाच नीट बसत नव्हत्या. हे एका कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. हाक मारल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि मुलगी तर गेल्या सुट्टीपासून ह्यांच्याशी बोललेली नव्हती.

ती केस पुसत आली आणि माझ्यासमोर बसली.

'आई, माझी वेळ व्हायची होती अजून.'

या केंद्रात माझ्या हाकेबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

'होती,' मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

'बाबांना अगदी काट्यावर आणि मला आधी?'

'हो.'

'मी अशीच मार म्हटलं होतं.'

'ऐकलं होतं मी. नाही जमलं.'

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असावी, पण तिचे ओठ हसायला लागले होते. साहेब पुढे सरकला.

'काही तपासायचं राहिलं का?' त्यानं विचारलं. 'हाक लवकर आली म्हणून?'

'दोन बोल्ट राहिले.'

'कुठले?'

'वरच्या बाजूचे. बाबांनी आवळलेले,' ती म्हणाली. ती साहेबाशी बोलत होती, पण बघत होती कोपऱ्याकडे. 'ते कुणी तपासले नाहीत तरी चालतं.'

ह्यांच्यापुढे पाण्यानं भरलेला पेला होता. तरी हे उठले, पाणी घेऊन येतो म्हणाले आणि घाईघाईनं खोलीबाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, आता बोलाव त्यांना, अशा अर्थानं.

मी हाक मारली नाही.